हेदरचा माळ आणि त्याच्या पोटातला इतिहास : नॉर्थ यॉर्क मूर्स पाहण्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

इंग्लंडच्या ईशान्येला, यॉर्क शहर आणि उत्तर समुद्राचा किनारा यांच्या दरम्यान, नॉर्थ यॉर्क मूर्स हा उंच माळांचा आणि खोल दऱ्यांचा प्रदेश आहे. १९५२ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,४३६ चौरस किलोमीटर असून साधारण एक-तृतीयांश भागावर मोकळा माळ आहे. या माळावर हेदर नावाचे गुडघाभर उंचीचे, काटक आणि सदाहरित झुडूप मैलोन्‌मैल पसरलेले असते. ऑगस्टमध्ये ते फुलले की क्षितिजापर्यंत जांभळा रंग पसरतो, आणि बहुतेक प्रवासी तेवढाच रंग पाहून, रस्त्याकडेच्या वाहनतळावरून छायाचित्रे काढून परततात. तो रंग पाहण्यासारखा आहेच, परंतु या माळाची खरी श्रीमंती त्याच्या पृष्ठभागावर आणि पृष्ठभागाच्या जरासे खाली आहे. दऱ्यांतली जमीन शतकानुशतके नांगरली गेली, तिथल्या जुन्या खुणा पुसल्या गेल्या. माळावर मात्र नांगर क्वचितच फिरला, त्यामुळे चार हजार वर्षांपूर्वीची दफन-टेकाडे, लोहयुगातले बांध, मध्ययुगीन क्रॉस आणि एकोणिसाव्या शतकातल्या खाणींची रेल्वे एकाच दिवसाच्या पायपिटीत पाहता येते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले मराठी वाचक, तसेच मुलांकडे दोन-तीन महिन्यांसाठी जाणारे आई-वडील, यांना हा माळ नीट पाहता यावा यासाठी हे मार्गदर्शन आहे.

माळ कसा घडला, हे आधी समजून घ्यावे

हा प्रदेश प्रथम पाहणाऱ्याला तो आदिम, माणसाचा हात न लागलेला वाटतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हिमयुग संपल्यानंतर या उंचवट्यांवर जंगल होते, हे पीटच्या, म्हणजे ओल्या जमिनीत साठलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, थरांत टिकून राहिलेल्या परागकणांवरून कळते. मध्याश्मयुगातल्या शिकाऱ्यांनी जंगलात आगी लावून मोकळ्या जागा केल्या असाव्यात. पुढे नवाश्मयुगात आणि विशेषतः कांस्ययुगात शेती व चराई यांसाठी मोठ्या प्रमाणावर झाडे तोडली गेली. झाडांचे छत्र गेल्यावर पावसाने मातीतली पोषकद्रव्ये खाली वाहून नेली, माती आम्लधर्मी आणि निकस झाली, शेती परवडेनाशी झाली आणि अशा मातीत आनंदाने वाढणाऱ्या हेदरने जागा घेतली. त्यानंतर मेंढ्यांच्या चराईने आणि माणसाने लावलेल्या आगींनी तिथे पुन्हा जंगल उभे राहू दिले नाही. थोडक्यात, आज दिसणारा माळ हा माणसाने हजारो वर्षे केलेल्या वापराचा परिणाम आहे, आणि ही गोष्ट मनात पक्की असली म्हणजे फूल आणि इतिहास हे दोन वेगळे विषय राहत नाहीत.

हेदरच्या तीन जाती ओळखायला शिकावे. त्यासाठी वनस्पतिशास्त्राचे शिक्षण लागत नाही. माळाचा बहुतांश भाग ‘लिंग’ या जातीचा असतो: तिची पाने खवल्यांसारखी बारीक असतात, फुले फिकट जांभळी असतात आणि ती ऑगस्टमध्ये फुलते. कोरड्या, उतारावरच्या जागी ‘बेल हेदर’ आढळते. तिची फुले गडद किरमिजी, घंटेच्या आकाराची असतात आणि ती जून-जुलैपासूनच दिसू लागतात. तिसरी ‘क्रॉस-लीव्ह्‌ड हीथ’ ही दलदलीच्या ओलसर जागी वाढते, तिची पाने देठाभोवती चार-चारच्या फुलीत मांडलेली असतात आणि फुले फिकट गुलाबी असतात. ही तिसरी जात दिसली की पुढचे पाऊल जपून टाकावे, कारण खाली पाणी मुरलेले असण्याची शक्यता मोठी असते.

माळावर काही ठिकाणी हेदर घोट्याएवढे, काही ठिकाणी गुडघ्याएवढे आणि मध्येच काळे जळलेले पट्टे, अशी ठिगळे दिसतात. ही रेड ग्राउस या पक्ष्यासाठी केलेली व्यवस्था आहे. ग्राउस हेदरचे कोवळे शेंडे खातो आणि उंच, जुन्या हेदरमध्ये घरटे करतो. म्हणून गेमकीपर, म्हणजे शिकारीच्या पक्ष्यांची निगा राखणारे रखवालदार, हिवाळ्यात लहान लहान पट्टे आळीपाळीने जाळतात. उंच प्रदेशात हे जाळणे १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल या काळातच करता येते आणि खोल पीटवरच्या जाळण्यावर २०२१ पासून कायद्याने निर्बंध आले आहेत. ग्राउसची शिकार १२ ऑगस्टला सुरू होऊन १० डिसेंबरला संपते. या पद्धतीमुळे हेदर टिकले असे माळांचे मालक म्हणतात. पीटमध्ये साठलेला कार्बन आणि शिकारी पक्ष्यांचे होणारे नुकसान यांकडे पर्यावरणवादी बोट दाखवतात. माझ्या मते दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. माळ पाहणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की ती ठिगळे निसर्गाने विणलेली नाहीत.

केव्हा जावे

फुलांसाठी ऑगस्टचे मधले दोन आठवडे सर्वांत भरवशाचे असतात. जुलैअखेरीस सुरुवात होते आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रंग टिकतो, मात्र उन्हाळा फार कोरडा गेला तर बहर फिका पडतो. याच काळात मधपाळ आपल्या पेट्या माळाच्या कडेला आणून ठेवतात. हेदरचा मध इतका घट्ट असतो की तो जेलीसारखा थरथरतो. पेट्यांपासून दूर राहावे आणि गावातल्या दुकानात तो मध मिळाला तर अवश्य घ्यावा.

इतिहासासाठी मात्र ऑगस्ट हा सर्वांत वाईट महिना आहे, आणि ही गोष्ट प्रवासमार्गदर्शकांत क्वचितच सांगितली जाते. हेदर भरात असते, उतारांवर ब्रॅकन नावाचे नेचे कमरेएवढे वाढलेले असते आणि जमिनीवरचे बारीक चढउतार त्यांत पूर्ण बुडून जातात. मातीचे बांध, खंदक आणि टेकाडे पाहायची असतील तर मार्चमधला निरभ्र दिवस किंवा ऑक्टोबरचा शेवट निवडावा. तेव्हा ब्रॅकन वाळून आडवे झालेले असते आणि सूर्य खाली असल्यामुळे हातभर उंचीच्या बांधाचीही लांब सावली पडते. ज्यांना दोनदा जाणे शक्य आहे त्यांनी एकदा फुलांसाठी आणि एकदा सावल्यांसाठी जावे. एकदाच जाता येत असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जावे आणि माळावर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा फिरावे, कारण तिरप्या प्रकाशाचा थोडा लाभ त्या दिवसांतही मिळतो.

घरी बसून करायची तयारी

पहिली पायरी नकाशाची. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या राष्ट्रीय नकाशा-संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या ‘एक्सप्लोरर’ मालिकेत या प्रदेशाचे दोन नकाशे आहेत: पश्चिम भागासाठी ओएल-२६ आणि पूर्व भागासाठी ओएल-२७. कागदी नकाशा घ्यावाच. माळावर मोबाइलचे जाळे अनेक ठिकाणी मिळत नाही आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. नकाशा टेबलावर पसरून त्यावर तीन गोष्टी शोधाव्यात. फिकट पिवळसर रंगाने दाखवलेली जमीन ही २००० सालच्या कायद्याने सर्वांना पायी फिरण्यासाठी खुली केलेली जमीन आहे. हिरव्या तुटक रेषा या सार्वजनिक पायवाटा आहेत. आणि जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत छापलेली नावे ही पुरातन अवशेषांची आहेत. ही गॉथिक अक्षरे पेन्सिलने गोल करत गेल्यास एखाद्या साध्या वाटणाऱ्या माळावर किती गर्दी आहे ते घरबसल्या कळते. नावाच्या शेवटी ‘हाउ’ असेल तर बहुधा तिथे कांस्ययुगातले दफन-टेकाड असते, ‘रिग’ म्हणजे डोंगराची सोंड, ‘बेक’ म्हणजे ओढा आणि ‘ग्रिफ’ म्हणजे अरुंद, खोल घळ.

दुसरी पायरी जुन्या नकाशांची. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही एकोणिसाव्या शतकातले सहा इंची (मैलाला सहा इंच या प्रमाणाचे) ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे विनामूल्य पाहता येतात. यॉर्कशायरची पहिली आवृत्ती १८५० च्या दशकातली आहे. तिथे जुना नकाशा आणि आजचे उपग्रहचित्र शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय आहे. ज्या जागी आज नुसते हेदर आहे तिथे जुन्या नकाशावर चुन्याची भट्टी, दगडाची खाण, मेंढवाडा किंवा सीमेचा दगड दिसला की त्याचा ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून ठरणारा जागेचा क्रमांक, लिहून घ्यावा. यानंतर हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत तीच जागा नकाशावरून शोधावी. प्रत्येक नोंदीत अवशेषाचा काळ, आकार आणि संरक्षणाचे कारण यांचे वर्णन असते. एका संध्याकाळचे हे काम माळावरच्या दिवसाची किंमत दुप्पट करते.

तिसरी गोष्ट म्हणजे एकच माळ निवडणे. गाडीने एका दिवसात पाच ठिकाणे गाठण्याचा मोह होतो, परंतु हा प्रदेश चालूनच कळतो. पहिल्या भेटीसाठी मी लेव्हिशम मूर सुचवेन: वाट सोपी आहे, दृश्य भव्य आहे आणि अवशेष वाटेच्या इतके जवळ आहेत की शोधत भटकावे लागत नाही.

पोहोचणे आणि मुक्काम

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्क रेल्वेने साधारण दोन तासांवर आहे. यॉर्कहून माल्टन आणि पिकरिंगमार्गे व्हिटबीकडे कोस्टलायनरची ८४० क्रमांकाची बस जाते आणि ती लेव्हिशम मूरच्या कडेने जाणाऱ्या ए-१६९ रस्त्यावरूनच धावते. फेऱ्या कमी असल्याने परतीच्या शेवटच्या बसची वेळ निघण्यापूर्वी पाहून ठेवावी. उत्तरेकडून यायचे असल्यास मिडल्सब्रो ते व्हिटबी ही एस्क खोऱ्यातली रेल्वे डॅनबी, ग्रॉसमाँट अशा माळाच्या पायथ्याच्या गावांत थांबते.

मुक्कामासाठी पिकरिंग सोयीचे आहे. तिथे एक किल्ला आहे, ग्रामीण जीवनाचे बेक आइल संग्रहालय आहे आणि गावच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातली भित्तिचित्रे आहेत, म्हणजे पावसाचा दिवसही वाया जात नाही. पिकरिंगहून ग्रॉसमाँटपर्यंत सुमारे २९ किलोमीटर वाफेच्या इंजिनांची नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वे चालते. हा मार्ग १८३६ मध्ये जॉर्ज स्टीफन्सन यांच्या आखणीनुसार खुला झाला, तेव्हा डबे घोडे ओढत असत. वाटेतली फेन बॉग ही दलदल ओलांडण्यासाठी लाकूड, हेदरच्या जुड्या आणि मेंढ्यांची लोकर खाली दाबून त्यावर रूळ टाकले गेले. १९६५ मध्ये बंद पडलेला हा मार्ग स्वयंसेवकांच्या प्रयत्नांनी १९७३ मध्ये पुन्हा सुरू झाला. गाडी न्यूटनडेल या दरीतून जाते. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने ही दरी कोरली. दरीच्या तळातून माळाची उंची पाहायला मिळते, म्हणून हा प्रवास पायपिटीच्या आदल्या दिवशी करावा.

अंगावर काय, पाठीवर काय

सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेल्यांना भिजण्याची सवय असते, पण तिथले भिजणे उबदार असते. इथे उंची जेमतेम साडेचारशे मीटरपर्यंत असली तरी ऑगस्टमध्येही वारा आणि पाऊस एकत्र आले तर अर्ध्या तासात हुडहुडी भरते. म्हणून सुती कपडे टाळावेत. लवकर वाळणारा सदरा, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर आणि सर्वांत वर खरोखर पाणी न शिरणारे जाकीट, अशी रचना असावी. छत्रीचा उपयोग नाही. घोटे झाकणारे बूट आणि लांब पँट हवीच, कारण हेदरच्या काटक्या घोटे खरवडतात आणि ब्रॅकनमध्ये गोचिडी असतात. गोचिडींपासून लाइम हा आजार होऊ शकतो, त्यामुळे संध्याकाळी अंग नीट तपासावे आणि गोचीड चिकटलेली आढळल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. अ‍ॅडर हा ब्रिटनमधला एकमेव विषारी साप माळावर आहे. तो स्वतःहून दूर जातो, फक्त उन्हात तापलेल्या दगडावर न पाहता हात टेकू नये.

माळावर नळ नाही आणि ओढ्यांत मेंढ्यांचे मलमूत्र मिसळते, म्हणून माणशी दीड-दोन लिटर पाणी बरोबर घ्यावे. खाण्यासाठी दशम्या आणि कोरडी चटणी यांच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. शाकाहारी माणसाला गावातल्या पबमध्ये काहीतरी मिळते, पण स्वयंपाकघर दुपारी बंद होते. होकायंत्र, शिट्टी, लहान बॅटरी आणि पूर्ण चार्ज असलेला फोन घ्यावा. किनाऱ्याकडून येणारे धुके काही मिनिटांत सगळे झाकून टाकते. अशा वेळी वाट सोडू नये आणि नकाशावरची आपली जागा दर अर्ध्या तासाने निश्चित करत राहावे. संकट आल्यास ९९९ किंवा ११२ या क्रमांकावर पोलिसांची आणि त्यांच्यामार्फत माउंटन रेस्क्यू या डोंगरी बचाव पथकाची मागणी करावी आणि ग्रिड संदर्भ सांगावा. शिट्टीचा संकेत म्हणजे मिनिटाला सहा वेळा वाजवणे, मग एक मिनिट थांबणे.

लेव्हिशम मूरची फेरी

ही फेरी सुमारे ११ किलोमीटरची आहे. नुसते चालायला साडेतीन तास पुरतात. अवशेष पाहत जायचे तर सहा तास धरावेत. सुरुवात ए-१६९ वरच्या सॉल्टरगेट वाहनतळापासून होते. रस्ता ओलांडताना सांभाळावे, कारण वाहने वेगात असतात.

रस्त्यापलीकडे पाऊल टाकताच होल ऑफ हॉर्कम समोर येते. हा सुमारे १२० मीटर खोल आणि सव्वा किलोमीटर रुंद असा द्रोण आहे. वेड नावाच्या राक्षसाने बायकोशी भांडताना तिच्यावर फेकायला मूठभर माती उचलली आणि हा खड्डा पडला, अशी लोककथा आहे. फेकलेली माती नेम चुकून पडली तिची टेकडी झाली म्हणतात. भूगर्भशास्त्र वेगळी आणि मला अधिक विस्मयकारक वाटणारी गोष्ट सांगते: वरच्या सच्छिद्र खडकातून झिरपलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते, झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि कडेचा पाया हळूहळू पोखरते, त्यामुळे कडा ढासळत मागे सरकतात. ही क्रिया हजारो वर्षे चालू आहे. द्रोणाच्या उतारावर झऱ्यांच्या जागी हिरव्या ओल्या रेषा दिसतात, त्या पाहून घ्याव्यात.

काठाने उत्तरेकडे सॉल्टरगेटच्या वळणापर्यंत जावे. सॉल्टरगेट हा किनाऱ्याकडून मीठ आणि मासे घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यांचा मार्ग होता. वळणाखाली एक जुनी सराय होती. तिच्या चुलीतला विस्तव कधीही विझू द्यायचा नाही, अशी तिची ख्याती होती. ती इमारत आता पाडली गेली आहे. इथून उत्तर-पूर्वेला क्षितिजावर एक कापलेला पिरॅमिड दिसतो, ते फायलिंगडेल्सचे क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना देणारे रडार केंद्र आहे. १९६३ पासून शीतयुद्धाच्या अखेरीपर्यंत त्या जागी तीन प्रचंड पांढरे गोल होते. कांस्ययुगातली टेकाडे आणि रडार एकाच उंचवट्यांच्या रांगेवर असण्याचे कारण एकच आहे: तिथून दूरवर दिसते.

वळणावरचे फाटक ओलांडून रुंद वाटेने नैर्ऋत्येकडे माळावर जावे. डाव्या हाताला द्रोण आणि उजवीकडे हेदर, अशी ही वाट जवळजवळ सपाट आहे आणि फेरीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. इथे गती निम्मी करावी. वाटेला आडवे जाणारे लांब मातीचे बांध आणि त्यांच्या कडेचे चर हे प्रागैतिहासिक सीमाबांध आहेत. माळाच्या सोंडा एका दरीपासून दुसऱ्या दरीपर्यंत तोडून चराईचे किंवा वस्त्यांचे हक्क त्यांनी विभागले असावेत. बांध ओळखण्याची युक्ती अशी: हेदरची उंची अचानक बदलते किंवा त्यात गवताची सरळ रेषा दिसते तिथे थांबून दोन्ही बाजूंना नजर टाकावी, रेषा वाटेच्या दोन्हीकडे चालू राहिली तर ती नैसर्गिक नसण्याचा संभव मोठा. गोल, बशी पालथी घातल्यासारखे उंचवटे ही दफन-टेकाडे. त्यांच्या माथ्यावर बहुधा खळगा असतो, कारण एकोणिसाव्या शतकातल्या हौशी उत्खननकर्त्यांनी ती वरून खणली. डॅनबी या गावचे पाद्री जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी त्या भागातली अशी अनेक टेकाडे उघडली होती. लोहयुगातल्या चौकोनी आवारांच्या खुणाही याच माळावर आहेत.

सीव्ही पाँड मागे टाकून डंडेल पाँड या तळ्याशी पोहोचावे. मध्ययुगात मठवासीयांनी आपल्या मेंढरांच्या पाण्यासाठी ते केले असे मानले जाते. मठांची संपत्ती लोकरीवर उभी होती आणि माळावरची चराई हा त्या संपत्तीचा पाया होता, हे इथे उभे राहिले की सहज पटते. तळ्यापासून पश्चिमेला जाणारी वाट स्केल्टन टॉवरकडे नेते. लेव्हिशमचे पाद्री रॉबर्ट स्केल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या वेळी उतरण्यासाठी बांधलेली ही दुमजली इमारत आता पडकी आहे. तिच्यापासून न्यूटनडेलची दरी आणि खालून जाणारी वाफेची गाडी दिसते. जाऊन-येऊन तासभर लागतो, तो जरूर द्यावा.

परत तळ्याशी येऊन डंडेल ग्रिफ या घळीने खाली उतरावे. माळावरचा वारा एकदम थांबतो, ओक आणि बर्चची झाडे सुरू होतात. माळावर चराई आणि आग नसती तर काय उगवले असते याचा हा नमुना समजावा. खाली लेव्हिशम बेक या ओढ्याला लागून डावीकडे वळले की वाट द्रोणाच्या तळाशी पोहोचते. इथे लो हॉर्कम ही सोडून दिलेली शेतवाडी आहे. भिंतींनी बांधलेली हिरवी शेते आणि त्यांच्या वरचा जांभळा माळ यांच्यामधली रेषा नीट पाहावी: माणसाने माळावर किती वर चढून शेती करून पाहिली आणि कुठे हार पत्करली, ते या रेषेत लिहिलेले आहे. शेवटचा चढ सॉल्टरगेटच्या वळणावर आणतो.

दुसरा दिवस: रोझडेलचे लोखंड

शांत वाटणारे हे माळ एकेकाळी धुराने भरलेले होते, हे रोझडेलमध्ये कळते. बाराव्या शतकात इथे सिस्टर्शियन जोगिणींचा मठ होता. त्याच्या एका लहानशा बुरुजाखेरीज फारसे काही उरलेले नाही. १८५६ मध्ये इथे उच्च प्रतीच्या लोहखनिजाच्या खाणी सुरू झाल्या, १८६१ मध्ये माळाच्या माथ्यावरून रेल्वे आली आणि काही शेकड्यांची वस्ती वीस वर्षांत तीन हजारांच्या जवळ गेली. खाणी १९२६ मध्ये बंद पडल्या, रेल्वे १९२९ मध्ये.

गावातून माथ्यावर जाणारा चिमनी बँक हा रस्ता तीनास एक इतका चढा आहे. नवशिक्या चालकाने तो टाळावा आणि ब्लेकी रिज या सोंडेवरच्या लायन इन या सरायीकडून यावे. चिमनी बँकच्या माथ्यावर, बँक टॉपला, दगडी कमानींची रांग दिसते, त्या खनिज भाजण्याच्या भट्ट्या आहेत. खनिज भाजल्याने त्यातले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाई आणि वजन घटल्याने वाहतूक स्वस्त पडे. तिथून जुन्या रेल्वेची सपाट वाट दरीच्या कडेने जाते. चढउतार जवळजवळ नसल्याने वयस्कर पाहुण्यांसाठीही ती सोयीची आहे. हवे तेवढे चालून त्याच वाटेने परतावे. दरीच्या पूर्वेकडच्या भट्ट्या पलीकडच्या उतारावर दिसत राहतात. वाटेत रूळ नाहीत, पण राखेची काळी माती, भराव आणि कापलेले खडक आहेत. ही माणसे कुठून आली, कुठल्या घरांत दाटीवाटीने राहिली आणि कशी विखुरली, हे खाली गावात उतरून चर्चच्या दफनभूमीतले दगड वाचताना उलगडू लागते.

उरलेल्या वेळात हटन-ली-होल गावचे रायडेल लोकसंग्रहालय पाहावे. परिसरातून उचलून आणून पुन्हा उभारलेली जुनी घरे तिथे आहेत. हेदरचा उपयोग छपराला, झाडूला आणि सरपणाला होत असे. माळावरून पीट कापण्याचे, मेंढ्या चारण्याचे हक्क ठरलेल्या घरांना असत आणि त्या हक्कांवर देखरेख करणारी जमीनदारीची जुनी न्यायसभा या भागात आजही भरते. आपल्याकडच्या गायरानाचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा इतिहास विशेष जवळचा वाटेल.

क्रॉस, आगी आणि पाळायचे नियम

माळाच्या वाटांवर उभे दगडी क्रॉस हे मध्ययुगापासून वाटसरूंचे दिशादर्शक आहेत. ब्लेकी रिजच्या उत्तर टोकाला रस्त्याशेजारी उभा असलेला ‘यंग राल्फ’ हा क्रॉस राष्ट्रीय उद्यानाचे बोधचिन्ह आहे. त्याच्या माथ्यावरच्या खळग्यात गरजू वाटसरूसाठी नाणे ठेवण्याची प्रथा होती. जवळच ‘फॅट बेटी’ हा बुटका, पांढरा रंगवलेला क्रॉस आहे, त्याच्यापाशी खाऊ ठेवतात. प्लॅस्टिकच्या वेष्टनातला खाऊ मात्र वाऱ्याने माळभर होतो, तो ठेवू नये. फायलिंगडेल्स मूरवरचा लिला क्रॉस एका कांस्ययुगीन टेकाडावर आहे. इ. स. ६२६ मध्ये नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन याच्यावर झालेला विषारी खंजिराचा वार लिला नावाच्या त्याच्या सरदाराने आपल्या अंगावर घेतला, अशी नोंद इतिहासकार बीड याने केली आहे. हा क्रॉस त्याच लिलाचा, असे परंपरा मानते.

सप्टेंबर २००३ मध्ये याच फायलिंगडेल्स मूरवर मोठी आग लागली. हेदर आणि पीटचा वरचा थर जळाल्यावर खाली दडलेले बांध, दगडी ढिगारे आणि कोरीव शिळा उघड्या पडल्या. त्यांतली एक शिळा भूमितीय नक्षीने भरलेली होती. तिची नोंद करून ती संरक्षणासाठी पुन्हा मातीत झाकण्यात आली. अशा शोधामुळे आगीबद्दल मवाळ होण्याचे कारण नाही. पीट जमिनीखाली धुमसत राहते आणि जळालेला थर शतकांत भरून येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या लँगडेल मूरवर लागलेली आग दीर्घकाळ विझत नव्हती. म्हणून माळावर शेगडी, सिगारेट, काडेपेटी यांपैकी काहीही वापरू नये, आणि धूर दिसला तर लगेच ९९९ वर कळवावे.

कासच्या पठारावर फुलांत शिरून छायाचित्रे काढण्याने काय होते ते महाराष्ट्रातल्या वाचकाला ठाऊक आहे. इथेही वाट सोडून बाजूने चालल्यामुळे पीट उघडे पडते आणि पाऊस ते वाहून नेतो. दफन-टेकाडावर चढू नये आणि त्यावर दगडांचा नवा ढीग रचू नये. संरक्षित स्थळी धातुशोधक यंत्र विनापरवाना वापरणे हा गुन्हा आहे. १ मार्च ते ३१ जुलै या काळात टिटव्या, कर्ल्यू आणि ग्राउस जमिनीवर अंडी घालतात. त्या काळात खुल्या जमिनीवर कुत्रा दोरीनेच बांधलेला असावा. शिकारीच्या दिवशी फाटकावर सूचना लावलेली असते आणि माणसे रांगेत उभी दिसतात. तेव्हा सार्वजनिक वाटेवरच राहावे आणि तिथल्या लोकांना विचारून पुढे जावे.

परतल्यावर

माळावर टिपलेल्या ग्रिड संदर्भांची छायाचित्रांशी जोडणी त्याच रात्री करावी. आठवड्याने कोणता उंचवटा कुठला हे आठवत नाही. त्यानंतर ज्या गोष्टीने कुतूहल जागवले असेल तिचाच पाठपुरावा करावा. खाणकामगारांच्या कुटुंबांचा शोध घ्यायचा असल्यास १८४१ पासूनच्या दशवार्षिक जनगणनेच्या नोंदी उपलब्ध आहेत, आणि रोझडेलच्या १८५१ व १८७१ च्या नोंदी शेजारी ठेवल्या की कोणत्या परगण्यांतून माणसे आली ते दिसते. जमिनीच्या मालकीसाठी १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेले टाइद (चर्चला द्यायच्या दशमांश कराचे) नकाशे पाहावेत. स्थानिक जुनी कागदपत्रे नॉर्थॲलर्टन येथील नॉर्थ यॉर्कशायरच्या अभिलेखागारात आहेत; तिथे जाण्यापूर्वी वेळ ठरवून हवे ते दस्तऐवज कळवून ठेवावेत. पुरातन अवशेषाची झीज, चाकांच्या खुणा किंवा कोणी केलेली खोदाई आढळली असेल, तर तारीख, ग्रिड संदर्भ आणि छायाचित्र यांसह राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे.